बोअरचं पाणी, नळाचं पाणी आणि मीटरवरचा आकडा

लातुरात आमच्याकडे पाहुणे आले की तांब्या भरणाऱ्याला आतून कुणीतरी ओरडून सांगतं, "अरे, त्या तोटीचं नको, प्यायचं दे." स्वयंपाकघरात दोन तोट्या आहेत. एक बोअरची, एक नळाची. दिसायला दोन्ही पाणी सारखंच स्वच्छ. पण एकाने धुतलेला स्टीलचा पेला वाळला की त्यावर पांढरे ठिपके राहतात, दुसऱ्याने धुतलेल्यावर जवळजवळ नाही. ओट्याच्या कोपऱ्यात तिसरं पाणीही असतं, वीस लिटरच्या जारचं. लग्नकार्य असलं की चौथं येतं, टँकरचं. ते कुठल्या विहिरीतून भरलंय हे बहुतेक वेळा ड्रायव्हरलाच ठाऊक.

म्हणून "तुमच्या गावचं पाणी कसं आहे?" या प्रश्नाला लहान शहरात एक उत्तर नसतं. कुठलं पाणी, हे आधी विचारावं लागतं.

आमच्या नळाचं पाणी मांजरा धरणातून येतं. ते बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या धनेगावला आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ते आटलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली. पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर. ऐकायला केवढं मोठं वाटतं! २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. भागाकार केला तर माणशी सव्वा लिटरच्या आसपास. पुढे जास्त डब्यांच्या गाड्या आल्या. पण त्या उन्हाळ्यात लोकांनी आपापल्या घरापुरता उपाय शोधला होता, बोअर आणखी खोल नेण्याचा. जड पाण्याची गोष्ट तिथूनच सुरू होते.

शाळेच्या पुस्तकात या पाण्याला 'दुष्फेन' किंवा 'कठीण' म्हणतात. बोलताना कुणी तसं म्हणत नाही. जड पाणी, क्षाराचं पाणी, बोअरचं पाणी म्हणतात. कुणी सरसकट 'खारं' म्हणतं, तेवढं मात्र चूक आहे. खारेपणा मुख्यतः मिठाचा, म्हणजे सोडियम आणि क्लोराइडचा. जडपणा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. चवीला अजिबात खारट न लागणारं पाणीही चांगलं जड असू शकतं.

हे कॅल्शियम येतं आपल्या पायाखालच्या दगडातून. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातला जवळपास सगळा देश भाग ज्या काळ्या कातळावर वसलाय, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेली खनिजं भरपूर. पावसाचं पाणी आभाळातून पडतं तेव्हा अगदी हलकं असतं. मातीतून मुरताना मुळांनी आणि जंतूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड ते शोषून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. सोडावॉटरच्या जातीचंच, फक्त फार सौम्य. हे आंबूस पाणी खडकाच्या भेगांतून झिरपताना त्याला हळूहळू विरघळवत जातं. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, त्यांचाही चुना उचलतं. दगडाच्या सहवासात जितके दिवस जास्त, तितका जडपणा जास्त. जुन्या वाड्यातल्या तीस-चाळीस फुटी आडाचं पाणी दर पावसाळ्यात बदलायचं. सात-आठशे फुटांवरचं पाणी किती वर्षं तिथे कोंडून होतं कोण जाणे. धरणातलं पाणी बरंचसं ओढ्यानाल्यांनी वरच्यावर वाहून आलेलं असतं, दगडाशी त्याची ओळख जुजबी, म्हणून ते तुलनेने हलकं. मुंबईला सह्याद्रीतल्या तलावांचं पाणी येतं, ते तर आणखी हलकं. आमच्याकडची पोरं तिकडे शिकायला गेली की पहिल्या आठवड्यात तक्रार करतात, "अंगावरचा साबण निघतच नाही!" साबण निघालेला असतो. लहानपणापासून त्यांना अंघोळीनंतर त्वचेला करकरीतपणा जाणवायची सवय झालेली असते. तो स्वच्छतेचा नव्हेच, साबणाच्या चिवट साक्याचा.

हा साका म्हणजे साबण आणि कॅल्शियमची जोडी. साबणाचा रेणू मळ धरायला निघतो, वाटेत कॅल्शियम त्याला पकडतं आणि दोघं मिळून पाण्यात न विरघळणारा चिकट पदार्थ होतात. बादलीच्या कडेला राखाडी रेघ दिसते ती हीच. पाण्यातलं कॅल्शियम संपेपर्यंत फेस येत नाही, म्हणजे साबणाचा पहिला हिस्सा नुसता पाणी 'हलकं' करण्यात जातो. कपड्यांच्या डिटर्जंट पावडरीला हा त्रास कमी, कारण तिची घडणच वेगळी आहे.

डाळीचं गणित याहून मजेदार आहे. आजी सांगायची की गावात एका विशिष्ट विहिरीचं पाणी खास डाळीसाठी आणत, बाकीच्या विहिरींच्या पाण्यात तूर तासन् तास कडक राहायची. तिला कारण ठाऊक नव्हतं, निरीक्षण पक्कं होतं. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. शिजणं म्हणजे हे पेक्टिन सैल होऊन पेशी सुट्या होणं. पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनच्या धाग्यांमध्ये टाके घालतं, मग ते सैल होत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की पाणी अल्कधर्मी होतं, पेक्टिन लवकर सुटतं आणि डाळ शिजते. सोडा जास्त पडला तर चव साबणासारखी लागते आणि बी-जीवनसत्त्वाचंही नुकसान होतं. त्यापेक्षा डाळीपुरतं नळाचं पाणी वापरावं. अर्थात डाळच दोन वर्षं जुनी असेल तर पाण्याला दोष देऊ नये.

आता गिझर. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात, चुना मात्र उलट्या स्वभावाचा. पाण्यात तो बायकार्बोनेटच्या रूपात विरघळून असतो. तापवलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरलेलं कॅल्शियम कार्बोनेट दगड होऊन बसतं, कॉइलवर, किटलीच्या तळाला, सोलरच्या नळ्यांत. समजा घरात रोज शंभर लिटर पाणी तापतं आणि त्यात असा, तापवल्यावर बसणारा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. सगळाच्या सगळा बसला तर दिवसाला २० ग्रॅम, वर्षाला सात किलोंच्या वर. सगळा बसत नाही, बराचसा पाण्याबरोबर निघून जातो. पण यातला दहावा भाग जरी राहिला, तरी कॉइल का जळते ते कळतं. दगडाच्या गोधडीतून तिला पाणी तापवायचं असतं. किटलीतला थर काढायला लिंबूसत्त्व पुरतं, पाण्यात चमचाभर टाकून गरम करायचं, फसफसून थर सुटतो. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड मात्र कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

उकळून जाणाऱ्या या जडपणाला तात्पुरता म्हणतात. सल्फेट आणि क्लोराइडच्या जोडीने आलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम उकळून जात नाही, तो कायमचा. बोअरच्या पाण्यात दोन्ही असतात.

कायमचाही घालवायचा तर सॉफ्टनर. त्याची कल्पना आपल्याच दगडात सापडते. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर पांढरे, गुलाबी, चमकदार स्फटिक विकायला ठेवलेले असतात. बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत तयार झालेल्या त्या खनिजांत झिओलाइट नावाचं एक कुटुंब आहे. झिओलाइट आपल्या जाळीतलं सोडियम पाण्याला देतं आणि बदल्यात कॅल्शियम ठेवून घेतं. सॉफ्टनर सुरुवातीला याच तत्त्वावर निघाले. आता कृत्रिम रेझिनचे मणी वापरतात, आणि ते थकले की मिठाच्या पाण्याने ताजे करतात. म्हणजे जडपणा जातो, बदल्यात सोडियम येतं. अंघोळीला, मशिनला उत्तम. ज्यांना मीठ कमी करायला सांगितलंय त्यांनी ते पाणी पिऊ नये.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो प्रश्न. जड पाणी प्यायल्याने काय होतं?

फारसं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेलीच नाही. भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा स्वीकार्य मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हणतं. हे आकडे प्रामुख्याने भांडी, नळ आणि चवीच्या काळजीपोटी आहेत. मॅग्नेशियम आणि सल्फेट दोन्ही भरपूर असतील तर नवख्या माणसाचं पोट सैल होतं. आणि मुतखडा? "बोअरच्या पाण्याने खडे होतात" हे आमच्याकडे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की उलट बोलायची भीती वाटते. पण किटलीतला थर आणि मूत्रपिंडातला खडा यांचं दिसणं सोडलं तर नातं लावणं कठीण आहे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि आहारातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून बाहेर नेतं. खड्यांचं मोठं आणि नक्की कारण म्हणजे पाणी कमी पिणं, आणि ४२ अंशांच्या उन्हात राबणाऱ्या माणसाला ते कारण पुरेसं आहे. चव आवडत नाही म्हणून पाणीच कमी प्यायलं जात असेल, तर तेवढ्यापुरता दोष पाण्याकडे जाईल.

तरी घरोघरी पाण्याची पारख होते ती टीडीएसच्या मीटरवर. पेनाएवढं यंत्र, बुडवलं की आकडा. "आमचं चारशे येतं." "अगं बाई, आमचं नव्वद!" टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचं प्रमाण. मानकात ते लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आणि पर्याय नसेल तर २,००० पर्यंत. गंमत अशी की ते पेन घन पदार्थ मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं आणि एका ठरावीक गुणकाने आकडा दाखवतं. साखर विरघळली तर ती वीज वाहत नाही, म्हणून सरबताच्या गोडीचा त्याला पत्ता नाही. जंतूंचा पत्ता नाही. कीटकनाशकाचा अंश असेल तर त्याचाही नाही. पेलाभर नळाच्या पाण्यात चमचाभर गटाराचं पाणी मिसळलं तरी आकडा जेमतेम हलेल. आणि चिमूटभर मीठ टाकलं तर शेकड्यांनी उडी मारेल.

एकदा दारावर एक विक्रेता आला होता. "काकू, फक्त दोन मिनिटं." त्याने दोन पेले मांडले, एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत लोखंडी सळ्यांचं एक उपकरण बुडवून वीज सोडली. नळाचं पाणी बघता बघता तांबूस, मग काळपट हिरवं झालं, गाळ तरंगायला लागला. यंत्राचं पाणी जसंच्या तसं. आईचा चेहरा पडला. "हे पाजताय तुम्ही नातवंडांना," तो म्हणाला.

तो गाळ पाण्यातला नव्हता, सळीचा होता. क्षार असलेल्या पाण्यातून वीज जाते, सळीचं लोखंड विरघळतं आणि गंजाचा साका होतो. यंत्राच्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीत, वीज जात नाही, सळी शाबूत राहते. मी त्याच्या शुद्ध पेल्यात मिठाची चिमूट टाकली आणि म्हणालो, "आता लावा." लावलं. तांबडं झालं. तो सामान आवरून निघाला, आईने त्याला चहा प्यायल्याशिवाय सोडलं नाही.

मग भ्यायचं कशाला? एक म्हणजे विरघळलेल्या काही मोजक्या गोष्टींना. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की मुलांच्या दातांवर डाग येतात, आणखी वाढलं तर हाडांवर जातं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांना हे चांगलं माहीत आहे. नायट्रेट खतांतून आणि शोषखड्ड्यांतून झिरपतं, त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आणि तिथे 'पर्याय नसेल तर' अशी सवलत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाचं दूध त्या पाण्यात कालवलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट वाफ गेल्यामुळे थोडं दाट होतं. दोन्हींना चव नाही, रंग नाही. पाणी प्रयोगशाळेत दिल्याशिवाय कळत नाही.

पण नळाच्या पाण्यात सगळ्यात मोठा धोका जंतूंचाच, आणि त्याचं कारण धरणात किंवा शुद्धीकरण केंद्रात शोधण्याआधी रस्त्याखाली शोधावं. केंद्रात तुरटी किंवा तिच्यासारखं रसायन टाकून गढूळपणा खाली बसवतात, वाळूतून गाळतात, क्लोरीन देतात. तिथून निघालेलं पाणी चांगलं असू शकतं. ज्या शहरात नळ रोज येत नाही, तिथे पुढची गंमत होते. वॉल्व्ह बंद झाला की पाइप रिकामा होत जातो आणि आत पोकळी निर्माण होते. पाइपाला कुठे चीर असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर जे पाणी एरवी चिरेतून बाहेर गळतं, तेच आता उलट आत ओढलं जातं. वरून आपण लोक थेट नळाला मोटार लावतो. आपल्याला चार घागरी जास्त मिळतात आणि सगळ्या गल्लीच्या पाइपातली ओढ वाढते. पाणी सुटल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं जे येतं, त्यात हे सगळं असतं. ते प्यायला भरू नये, अंगण धुवायला, झाडांना घ्यावं. पावसाळ्याच्या तोंडाला कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रोचे पेशंट एकाच गल्लीतून येऊ लागतात, तेव्हा हीच चीर कुठेतरी असते.

या प्रवासात पाण्याची राखण करतो तो उरलेला क्लोरीन. नळाच्या तोंडाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असला पाहिजे. गावोगावचे पाणी कर्मचारी 'ओटी टेस्ट' करतात ती याचीच, नळीतल्या पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो. पिवळा आला नाही तर काळजी. म्हणून पाण्याला क्लोरीनचा हलका वास आला की नाक मुरडणाऱ्यांना मी म्हणतो, बरं झालं आला. भांडं उघडं ठेवा, काही तासांत जातो.

आता आरओ, म्हणजे पाणी दाबाने अतिबारीक पडद्यातून ढकलून क्षार काढणारं यंत्र. बोअरचं पाणीच प्यावं लागतंय, टीडीएस हजाराच्या वर आहे किंवा फ्लोराइड-नायट्रेट निघालंय, तर आरओ घ्या, तिथे तो खरंच कामाचा. नळाचं पाणी तीनशे-चारशेचं असेल तर त्याची गरज नाही. गाळून उकळलं, किंवा गाळण आणि अतिनील दिव्याचं साधं यंत्र लावलं तरी भागतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घाला असं केंद्राला सांगितलं होतं, ते वाया जाणाऱ्या पाण्यापायी. घरगुती यंत्र एक लिटर देताना दोन-तीन लिटर सहज मोरीत सोडतं. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या घरात ते पाणी बादलीत धरून फरशीला वापरावंच. आणखी एक बाब विक्रेते सांगत नाहीत. क्लोरीनने आरओचा पडदा खराब होतो, म्हणून यंत्रात आधी कार्बनच्या गाळणीत तो काढून टाकतात. बाहेर पडलेलं पाणी शुद्ध खरं, पण निःशस्त्र. पिंपात दोन दिवस ठेवलं, त्यात हात बुडाला, की पुढे त्याला वाचवणारं काही नाही. थंड जारचंही तेच. आयएसआयची खूण आणि सील असलेली बाटली वेगळी, आणि रोज रिकामा होऊन परत भरून येणारा मोकळा जार वेगळा. तो आतून कधी घासलाय, हे विचारायला हरकत नाही.

घरच्या घरी जडपणा बघायचा तर दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीत बोअरचं आणि एकीत आरओचं पाणी अर्ध्यापर्यंत भरा, अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाका, हलवा. फेसाची उंची बोलते. नेमका आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्यायचा. तिथे पाण्यात एक रंगद्रव्य टाकून ईडीटीए नावाच्या रसायनाचे थेंब सोडत जातात. वाइनसारखा लाल रंग निळा होतो त्या क्षणी थांबतात, किती थेंब लागले त्यावरून जडपणा. जंतूंसाठी एक साधी बाटली मिळते, हायड्रोजन सल्फाइड चाचणीची. पाणी भरून उबेत एक-दोन दिवस ठेवायचं. विष्ठेतून येणारे जंतू असतील तर ते काळं पडतं.

गेल्या पावसाळ्यात मी अशा चार बाटल्या आणल्या. बोअर, नळ, जार, आणि एक उरली म्हणून गच्चीवरच्या आमच्याच टाकीतलं पाणी. पैज जारवर लावली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीची बाटली शाईसारखी काळी होती, बाकी तीन जशा होत्या तशा. वर जाऊन पाहिलं तर टाकीचं झाकण वाऱ्याने सरकलेलं, आणि त्यावर पारव्यांचा मुक्काम. वर्षभर आम्ही त्याच टाकीच्या पाण्याने चुळा भरत होतो, भाज्या धूत होतो. झाकणाला तार बांधली, टाकी घासून ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन घेतली. महिन्याने पुन्हा बाटली लावली, ती काळी पडली नाही. टीडीएस तेव्हाही तेवढाच होता, काळ्या बाटलीच्या वेळीही तेवढाच.